जुन्या ऑइल पेंटचे पोपडे साफ करायचेत? आधी झाडू लपवून ठेवा

गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायचं ही आमच्याकडची जुनी खोड. आजीचं घर पुण्यात पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्या आणि पुढे लाकडी गॅलरी, दारं-खिडक्यांना तो ठरलेला हिरवा ऑइल पेंट, एकावर एक किती थर बसलेत ते देवालाच माहीत. दोन वर्षांपूर्वी पेंटर आला, पत्रा (खरवडायची पातळ पाती) घेऊन दुपारभर दोन खिडक्या खरवडल्या, मग कोरड्या पॉलिश पेपरने घासल्या, आणि तो गेल्यावर मी मोठ्या उत्साहात केरसुणी घेऊन सगळं झाडून काढलं. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ नुसती नाचत होती, पंखा पाचवर, आणि पलीकडच्या खोलीत माझा अकरा महिन्यांचा भाचा रांगत होता, जे हाताला लागेल ते तोंडात घालत. ताईने सहज विचारलं, "आजी, हा रंग कधीचा गं?" आजी म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मारून घेतलेला, तू झालीस त्याच्या आधी."

त्या रात्री ताई आणि मी फोन घेऊन वाचत बसलो आणि लक्षात आलं की जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, ते लहान मुलांना विषारी असतं, आणि दिवसभरात जे जे करू नये ते सगळं आपण केलंय, क्रमाने. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून साफसफाई केली. त्यात जे शिकलो ते इथे लिहितोय.

आधी हे समजून घ्या

मराठीत शिसं म्हणजे लेड. शिसपेन्सिलीत शिसं नसतं हा मोठा विनोद आहे, त्यात ग्रॅफाइट असतं, त्यामुळे पोराने पेन्सिल चावली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण त्याच पोराने खिडकीचा कट्टा चाटला तर मात्र घाबरायचं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं मुद्दाम घालायचे. सफेद रंगासाठी व्हाइट लेड, भडक पिवळ्या-नारिंगीसाठी लेड क्रोमेट, रंग लवकर वाळावा म्हणून शिशाचे ड्रायर, आणि लोखंडी गजांना गंज चढू नये म्हणून नारिंगी रंगाचा रेड लेड प्रायमर. हे रेड लेड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूरच. हार्डवेअरवाला देतो तो तपकिरी-लाल रेड ऑक्साइड वेगळा, त्यातला लाल रंग लोखंडाचा असतो. पण पन्नास वर्षांपूर्वी गजाला नक्की काय फासलंय हे नुसतं बघून सांगता येत नाही.

आपल्याकडे घरगुती रंगात शिशावर कायद्याने मर्यादा आली ती फार उशिरा. नियम निघाले १ नोव्हेंबर २०१६ ला, लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून, मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे किलोभर रंगात जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. जगभरच्या जुन्या रंगांमध्ये काहींत सुकलेल्या वजनाच्या अर्ध्यापर्यंत शिसं असायचं, म्हणजे तुलनाच नाही. तेव्हा माझा सोपा हिशोब असा की २०१७ च्या आधी लागलेला कुठलाही ऑइल पेंट संशयित. दारं, खिडक्या, ग्रिल, जिन्याचे कठडे, आणि जुन्या घरात भिंतीला खालून तीन-चार फूट जो चकचकीत पट्टा मारायचे तो. नुसता चुना किंवा साधं डिस्टेंपर असेल तर एवढं टेन्शन नाही, पण भिंतीवर डिस्टेंपर दिसतंय म्हणून त्याच्या खाली ऑइल पेंट नसेलच असं समजू नका, पोपडा हातात घेऊन त्याची कड बघा, थर मोजता येतात.

आता खरा मुद्दा. आपल्याला भीती वाटते पोपड्यांची, कारण ते दिसतात. पण जास्त त्रास देते ती धूळ. पोपडा उचलून टाकता येतो, धूळ मात्र पंख्याने उडते, गादीवर बसते, फरशीवर बसते, तिथून बाळाच्या हाताला आणि हातावरून तोंडात. शिशाला वास नाही, धुळीत ते वेगळं दिसतही नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्या माणसांपेक्षा चार-पाच पट जास्त शिसं शोषून घेतं, आणि मेंदू घडत असतानाच ते आत जातं, त्याने बुद्धी आणि एकाग्रतेवर जो परिणाम होतो तो नंतर भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीतच नाही. आजीचं म्हणणं होतं, "आम्ही आयुष्य काढलं याच घरात, काय झालं?" आजीशी वाद घालायचा नसतो. पण शिसं हाडात जाऊन बसतं, दशकानुदशकं तिथे राहतं, आणि गरोदरपणात हाडातून परत रक्तात येतं, तेव्हा "काय झालं" याचं उत्तर घरबसल्या कुणालाच देता येणार नाही.

म्हणून सगळ्या कामाचं एकच सूत्र: कोरडं काही करायचं नाही. झाडायचं नाही, झटकायचं नाही, घासायचं नाही, फुंकायचं नाही. जे करायचं ते ओलं करून.

हे काम तुमचं आहे का ते ठरवा

रंग चांगला बसलेला असेल, कुठे सुटलेला नसेल, तर त्याला हात लावू नका. सिरियसली. जुना घट्ट रंग तसाच ठेवून वरून नवा थर देणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित. अंगठ्याचं नख लावून सुटतोय तेवढाच भाग आपला प्रश्न.

खिडकीखाली पसाभर पोपडे पडलेत, दाराच्या चौकटीची एक बाजू सुटलीय, पेंटरने एक-दोन खिडक्या खरवडून ठेवल्यात, एवढं घरी होतं. अख्खी खोली खरवडलेली असेल, मशीनने घासलेलं असेल किंवा ब्लो लॅम्पने रंग जाळून काढला असेल, तर घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असताना तो उद्योग एकट्याने करू नका, त्यांना आधी दुसरीकडे हलवा आणि माणसं, सामान, वेळ हाताशी असेल तेव्हाच सुरू करा. ब्लो लॅम्प सगळ्यात वाईट, कारण त्यात शिशाचा धूर होतो, तो थेट फुप्फुसात जातो आणि गार झाला की अतिशय बारीक धूळ होऊन घरभर बसतो.

रंगात शिसं आहे का हे खात्रीने कळायचं असेल तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या, रंग तपासणाऱ्या लॅबमध्ये पोपड्याचा नमुना देता येतो, सगळे थर येतील असा पोपडा द्या, नुसता वरचा नको. शिसं लागलं की रंग बदलणारे स्वॅब (तपासणीचे बोळे) ऑनलाइन मिळतात पण ते कधी फसवतात, वरचा थर नवा असेल आणि खालचा जुना, तर हमखास. आम्ही तपासलंच नाही, आहे असं धरून चाललो, आणि खरं सांगायचं तर सफाईच करायची असेल तर हेच बरं, कारण एवढी काळजी घेतल्याने नुकसान काहीच नाही, दोन बादल्या पाणी जास्त जातं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडं वेगळं. तिकडे घरगुती वापराच्या रंगात शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे घर १९७८ च्या आधीचं असेल तर प्रश्न आलाच. भाड्याने घेताना घरमालकाला शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत असेल ते लेखी सांगणं बंधनकारक आहे, आणि २०१० पासून अशा घरात पैसे घेऊन रंगकाम किंवा तोडफोड करणाऱ्याकडे त्याचं सर्टिफिकेट लागतं. तिथे असाल तर आधी मालकाला लेखी कळवा, लगेच स्वतः बादली घेऊन बसू नका.

सामान

बहुतेक घरातच सापडतं. इस्त्रीला वापरतो तसा पाण्याचा स्प्रे. जाड प्लास्टिक, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर किंवा किलोवर मिळतं, १५० मायक्रॉनच्या आसपासचं बघा, पातळ घेतलंत तर पहिल्या पायाखालीच फाटतं. रुंद टेप. दोन बादल्या. साधी कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड, खास केमिकलची गरज नाही. फडकी भरपूर, आणि अशी की नंतर फेकता येतील, आम्ही आजोबांची जुनी धोतरं फाडली (आजीची परवानगी घेऊन). रबरी हातमोजे. कचऱ्याच्या जाड पिशव्या. पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पोपडे उचलायला. टॉर्च.

मास्कमध्ये कंजुषी नको. रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क यांचा बारीक धुळीला पुरेसा अडथळा होत नाही. एन-९५ हा किमान, त्याहून बारीक गाळणारा एफएफपी३ किंवा पी१०० मिळाला तर उत्तम, आणि तो नाकाशी-गालाशी घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बाजूने हवा आत येते. मी त्या दिवसापुरती दाढी काढली, घरचे हसले, हसू देत.

घरचा साधा व्हॅक्युम क्लीनर अजिबात बाहेर काढू नका. तो पुढून धूळ ओढतो आणि बारीक कण मागून खोलीभर उडवतो. खरा हेपा व्हॅक्युम, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा आणि सगळी हवा त्या फिल्टरमधूनच बाहेर सोडणारा, असला तरच वापरा. नुसता खोक्यावर हेपा लिहिलेला नाही. नसेल तर ओलं फडकं पुरतं, फक्त जास्त वेळा फिरवायचं.

सुरुवात: माणसं बाहेर, पंखा बंद

मुलं, गरोदर बाई, मांजर-कुत्रा, सगळ्यांना बाहेर काढा, आणि काम चालू असेपर्यंतच नाही तर सगळं पुसून होईपर्यंत. शेजारच्या काकूंकडे, मामाकडे, कुठेही. पंखा बंद, एसी बंद, कूलर बंद. आपल्याला वाटतं खिडक्या उघडाव्यात म्हणजे धूळ बाहेर जाईल, पण वारा आला की ती आतच फिरते, त्यामुळे त्या खोलीच्या खिडक्या लावून घ्या. उकडतं, हो. पुण्यात उकडतं तर मुंबईत काय होत असेल. म्हणून सकाळी लवकर करा.

पिण्याचं पाणी, माठ, पिंप, डाळ-तांदळाचे उघडे डबे, देवघरातलं सामान, आधी दुसऱ्या खोलीत. पांघरुणं आणि गाद्या तिथेच असतील तर त्या उचलून झटकू नका, वरून हळूच प्लास्टिक टाका, त्यांचं नंतर बघू. दाराला प्लास्टिकचा पडदा टेपने चिकटवा, खालची कड सुद्धा. ओलं काम आहे म्हणून त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडा आणि टॉर्चवर काम करा, बोर्डाजवळ स्प्रे मारून झटका खाण्यात शहाणपणा नाही.

जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला फडकं. चप्पल एकच, ती त्या खोलीबाहेर न्यायची नाही, दारातच काढायची. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, खाचेत धूळ राहते. मोबाइल बाहेर, हे मला सगळ्यात जड गेलं. आणि मध्येच चहा नाही, तंबाखू-सिगरेट तर अजिबात नाही, तेच हात तोंडाला लागतात. तहान लागली तर बाहेर या, हातमोजे काढा, हात-तोंड साबणाने धुवा, मग पाणी प्या.

पोपडे उचलणं

आधी स्प्रे. लांबून, धुक्यासारखा, जवळून जोरात मारलात तर पिचकारीने धूळच उडेल. दोन मिनिटं थांबा, सगळं ओलसर दिसलं पाहिजे, पण पाण्याचे ओघळ नकोत कारण ओघळ लाकडाच्या फटीत आणि फरशीच्या सांध्यात घाण घेऊन जातात. मग एका पुठ्ठ्याने हळूच दुसऱ्या पुठ्ठ्यावर ढकलून पोपडे गोळा करा आणि सरळ पिशवीत. पिशवी कामाच्या जागेलाच ठेवा, पोपड्यांची सुपली घेऊन घरभर मिरवणूक काढू नका, मी काढली होती. फटीतले तुकडे ओल्या फडक्याने किंवा टेपच्या चिकट बाजूने निघतात.

खिडकीच्या चौकटीत, जिथे कवाड आपटतं आणि घासतं, तिथे बघा. तिथे रंगाचं अक्षरशः पीठ झालेलं असतं. हीच जागा सगळ्यात घाण आणि हीच सगळ्यात जास्त राहून जाते, कारण खिडकी बंद केली की ती दिसत नाही. आमच्याकडे त्या खोबणीतून मूठभर काळपट हिरवं पीठ निघालं, आणि खिडकीच्या कट्ट्यावर तर आजी लोणच्याची बरणी उन्हाला ठेवायची.

सुटलेला पण अजून लटकणारा रंग असेल तर तोही ओला करून पत्र्याने अलगद काढा, घट्ट बसलेला सोडा. काढताना खाली प्लास्टिक अंथरलेलं हवं, कामाच्या जागेपासून सगळीकडे पाच-सहा फूट तरी.

पुसणं, आणि परत पुसणं

वरून खाली. भिंत, चौकट, दार, गज, कट्टा, स्कर्टिंग, आणि शेवटी फरशी, लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे मागे मागे येत, म्हणजे पुसलेल्यावर पाय पडत नाही. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून पुसा, साध्या पाण्यात खळबळा, पिळा, मग परत साबणात. सरळ साबणाच्या बादलीत घाण फडकं बुडवलंत तर तुम्ही घरभर शिशाचं पातळ पाणी फासताय, एवढंच. फडक्याची घडी घाला आणि प्रत्येक हाताला नवी बाजू घ्या. साधं पाणी गढूळ दिसलं की बदला, कंटाळा करू नका, आमच्या एका खोलीला सहा बादल्या गेल्या.

एकदा झाल्यावर थांबा. निदान तासभर. हवेत राहिलेली धूळ तोवर खाली बसते. मग नवीन फडकं, नवीन पाणी, आणि तेच परत. लोक इथे सोडून देतात कारण फरशी चकाचक दिसत असते. दुसऱ्या वेळचं पाणी बघा आणि मग बोला.

फरशी वाळली की खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा मारा, राहिलेली धूळ आणि कण लगेच दिसतात. दिसले तर तिसरी फेरी.

गॅलरी विसरू नका. वाड्यात आणि चाळीत खिडकी उघडते ती सामायिक गॅलरीत, पोपडे पडतात ते तिथे, आणि पोरं खेळतात ती पण तिथेच. खाली अंगण असेल तर मातीवरचे पोपडे हाताने वेचून काढा. आम्ही खालच्या काकांना जाऊन सांगितलं की तुमच्या दारात आमच्या खिडकीचा रंग पडलाय, आम्ही साफ करतो. ते आधी वैतागले आणि मग स्वतःच टॉर्च घेऊन आले.

एक गोष्ट मनापासून. हे काम घरकामाच्या मावशींवर ढकलू नका. आपण "जरा तेवढा केर काढा" म्हणतो आणि त्या बिचाऱ्या मास्क नाही, काही नाही, झाडू घेऊन त्या धुळीत बसतात, आणि तीच साडी नेसून घरी आपल्या नातवंडाला मांडीवर घेतात.

पाणी, प्लास्टिक, कचरा

घाण पाणी संडासात ओता आणि फ्लश करा. स्वयंपाकघरातल्या मोरीत नाही, भांडी घासतो तिथे नाही, अंगणात नाही, कुंडीत नाही, आणि तुळशीला तर नाहीच. ओतायच्या आधी पाण्यात पोपडे तरंगत असतील तर जुन्या फडक्यातून गाळा आणि फडकं पिशवीत टाका.

प्लास्टिक उचलायच्या आधी वरून परत स्प्रे, मग चारी कडा आत दुमडत वळकटी करा, घाण बाजू आत, टेप मारा आणि पिशवीत. फडकी, मोजे, मास्क, पुठ्ठे, सगळं त्याच पिशवीत. पिशवी दाबून हवा काढू नका, तोंडातून धुळीचा फवारा येतो, तोंड पिळून, वाकवून बांधा, आणि दुसऱ्या पिशवीत घाला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रंगाचे टाकून दिलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात धरलेले होते, म्हणून ही पिशवी ओल्या कचऱ्यात तर नकोच, सुक्यातही मिसळू नका, कारण तो पुढे कुणीतरी हाताने वेगळा करतं. पिशवीवर मार्करने "जुना रंग, उघडू नका" असं मोठ्या अक्षरात लिहून कचरा नेणाऱ्या दादांना तोंडीही सांगा आणि घरगुती घातक कचरा कुठे घेतात ते वॉर्ड ऑफिसला विचारा.

मग सरळ आंघोळ, डोक्यावरून. कपडे काढताना झटकायचे नाहीत, आतली बाजू बाहेर करून बादलीत, आणि घरच्या बाकी कपड्यांबरोबर नाही, वेगळे धुवायचे. बाळाच्या दुपट्यांबरोबर तर चुकूनही नाही.

गाद्या, खेळणी वगैरे

प्लास्टिकची खेळणी साबणाने धुतली की झालं. कापडी खेळणी, पडदे, चादरी न झटकता गोळा करून वेगळ्या धुवायच्या. सतरंजी मोठ्या टबात बुडवून. कापसाच्या गादीचं मात्र खरंच अवघड आहे, आपली सवय म्हणजे गच्चीत नेऊन काठीने बडवायची, आणि नेमकं तेच करायचं नाही. खोळ काढून धुवा, गादी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, वाळवा. थेट खिडकीखाली उघडी पडलेली, पोपड्यांनी भरलेली लहान मुलाची गादी असेल तर माझ्या मते टाकून द्यावी, आम्ही टाकली.

मुलाची तपासणी

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, किंवा कुणी गरोदर असेल, आणि अशी धूळ उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. लक्षणांची वाट बघू नका. बहुतेकदा लक्षणं नसतातच, असली तर पोटदुखी, बद्धकोष्ठता, भूक न लागणं, चिडचिड, म्हणजे कुठल्याही मुलाला कधीही असतं तेच. शिरेतून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट जास्त भरवशाचा, बोटाला टोचून घेतलेल्या नमुन्यात हातावरचीच धूळ मिसळू शकते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था २०२१ पासून मुलांसाठी ३.५ हा आकडा धरते. हे आकडे म्हणजे सेफ लिमिट नव्हे, कुठे दखल घ्यायची त्याच्या खुणा आहेत.

भाच्याचा रिपोर्ट चारच्या थोडा वर आला. आमच्या खिडकीमुळेच का, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत करायला सांगितलं, लोह कमी होतं ते सुरू केलं, दुसऱ्या वेळी आकडा खाली आला. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून नाचणी, दूध, पालेभाजी, वर लिंबू किंवा आवळा, वयाला झेपेल तसं, चांगलंच. पण त्याने आत गेलेलं शिसं धुऊन निघत नाही. शिसं उतरवणारा काढा, डिटॉक्स वगैरे कुणी विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

पुढच्या वेळी पेंटरला काय सांगायचं

आम्ही गेल्या वर्षी सांगितलं: "दादा, कोरडं घासायचं नाही, पाणी मारून वॉटर पेपरने घासा, मशीन नको, ब्लो लॅम्प नको, आणि सुटलाय तेवढाच काढा." दादा म्हणाले, "साहेब, ओलं केलं की दिवस वाढतो, लांबी (पुट्टी) भरायला वाळू द्यावं लागतं." वाढतो, खरंय. एका दिवसाची जास्तीची मजुरी आधीच कबूल करा, म्हणजे वाद मिटतो. मास्क तुम्ही आणून द्या आणि जाताना हात-पाय धुवायला साबण आणि कपडे बदलायला जागा द्या. त्यांना मी विचारलं की घरी लहान कोण, तर म्हणाले मुलगी, तीन वर्षांची, दारातच येऊन पायाला बिलगते. त्यानंतर साबण मागावा लागला नाही, स्वतःच आधी मोरीकडे जायला लागले.

सफाई झाल्यावर उघडं लाकूड तसंच ठेवू नका, प्रायमर आणि नवा रंग लगेच द्या. पण कवाड जिथे घासतं तिथे नवा रंगही झिजणार आणि खालचा परत बाहेर येणार, म्हणून ती खोबण आणि कट्टा दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायचा, आमच्याकडे तो शनिवारचा नेम आहे.

आणि खिडकी बदललीच, तर जुन्या चौकटीचं काय? पेठेत उत्तर ठरलेलं असतं, लाकूड चांगलं सागवानी आहे, बंबात घाला, आंघोळीचं पाणी तापेल, नाहीतर होळीला द्या. रंग लावलेलं लाकूड जाळलं की शिसं काही धुरातून जातं, बाकीचं राखेत राहतं, आणि बंबाची राख आपण भांडी घासायला किंवा झाडांना घालतो. आमच्या दोन्ही चौकटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, रंग जुना आहे असं सांगून राडारोड्याच्या गाडीत दिल्या. गल्लीतली पोरं होळीसाठी मागायला आली होती, त्यांना वर्गणी वाढवून दिली.